पकडलेला बिबट्या ठेवायचा कुठे?

ओतूरकर

ऊसतोड सुरू झाली की दर हिवाळ्यात या संस्थळावर बिबट्याच्या चर्चेचा धागा निघतोच. यंदा मी काढतोय, पण प्रश्न जरा वेगळा आहे.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. नेमबाज बोलावून एक बिबट्या मारला. तेव्हापासून आमच्या भागात एकच मागणी आहे: सगळे धरा आणि घेऊन जा. पुण्या-मुंबईच्या मित्रांचं म्हणणं, मुक्या जनावराला कोंडता कशाला, त्याच्या जंगलात नेऊन सोडा. दोन्हीकडचे लोक धरून चालतात की बिबट्या कुठून तरी इथे आलाय आणि त्याला परत धाडायचंय.

आमच्या जुन्नरकडचा बिबट्या कुठून आलेला नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, पाट आले, पाठोपाठ ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, पाटाला पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या, उसात रानडुकरं. मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? आज जो बिबट्या दिसतो तो उसात जन्मला आणि त्याची आईही उसातच जन्मलेली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजणी केली होती, निव्वळ शेतीच्या पट्ट्यात. १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले आणि तेवढेच तरस. बिबट्याच्या खाण्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. हरीण-सांबराचा तिथे पत्ताच नाही.

आता पिंजरा. तो लांबट लोखंडी असतो. मागच्या कप्प्यात शेळी, मध्ये जाळी, म्हणजे शेळीला सहसा काही होत नाही, ती बिचारी रात्रभर ओरडते एवढंच. बिबट्या आत शिरला, फळीवर पाय पडला की मागचं दार धाडकन खाली. पुढचे काही तास तो गज चावतो. सुळे तुटतात, कपाळाची कातडी घासून लाल होते. सकाळी निम्मं गाव मोबाईल घेऊन भोवती उभं असतं.

तिथून माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र. तिथली माणसं जीव लावून काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण केंद्र केव्हाच भरलंय, काही बिबटे गुजरातेत जामनगरला धाडावे लागले. माणसावर हल्ला केल्याचा शिक्का बसलेलं जनावर सहसा परत सुटत नाही. तीन वर्षांचा नर धरला तर पुढची पंधरा-सोळा वर्षं तो त्या जाळीच्या आत.

आणि पिंजऱ्याला गुन्हेगार कळत नाही. शेळीच्या वासाने जो आधी आला तो अडकला. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने माणूस मारला त्याची ओळख पटवा आणि काढा, मारावा लागला तर मारा. नुसता दिसला म्हणून धरू नका. तुमचं काय म्हणणं?

निसर्गवेडा

धागा चांगला आहे, पण ऊस म्हणजे नैसर्गिक अधिवास हे पटत नाही. उद्या म्हणाल उकिरडा हा बगळ्याचा नैसर्गिक अधिवास. आपण जंगल तोडलं, भक्ष्य संपवलं, म्हणून तो उसात राहतोय. भीमाशंकर आहे, हरिश्चंद्रगडाचा पट्टा आहे, कोयना-चांदोली आहे. तिथे सोडायला हरकत काय? निदान मोकळा तरी राहील. पंधरा वर्षांच्या जाळीपेक्षा ते बरंच की.

शिरूरची सून

कुणाला राग आला तर येऊ दे.

आमची वस्ती गावापासून लांब, तिन्ही बाजूंनी ऊस. मुलं शाळेला एकटी जात नाहीत, दोन माणसं काठ्या घेऊन पोचवतात. पिंपरखेडला बायका खिळ्यांचे पट्टे गळ्यात घालून शेतात जात होत्या, त्याचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले आणि पुढे पाठवले. ते पट्टे कुत्र्याच्या गळ्यात घालतात हो, बिबट्याने मान धरू नये म्हणून.

आणि इथे चर्चा काय, तर पिंजऱ्यात त्याचे सुळे तुटतात. तुटू देत. माझ्या दारात पिंजरा लावला आणि भलताच बिबट्या अडकला, तरी एक कमी झाला एवढं मला पुरे आहे. तुम्ही ओतूरचे आहात म्हणता, मग तुम्हाला हे सांगायची वेळ यावी?

ओतूरकर

@शिरूरची सून, ताई, राग रास्त आहे. माझीही मुलं त्याच रस्त्याने जातात. पण "एक कमी झाला" हाच माझा मुद्दा आहे, तो कमी होतो का? वस्तीवर पटापट पिंजरे लागतायत, दर वर्षी धरपकड होते, तरी दुसऱ्या हंगामात नवा हजर.

गुरांचा डॉक्टर

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण "जंगलात सोडा" हा प्रयोग आपल्याच भागात होऊन गेलाय आणि लोक विसरलेत.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात शंभराहून जास्त बिबटे धरले आणि त्यातले अनेक लांबच्या जंगलात नेऊन सोडले. शहरातले मित्र आज मागतात तेच. त्याआधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चारेक हल्ले व्हायचे, त्या काळात ते सतराच्या घरात गेले. जिथे सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले सुरू झाले. हा अभ्यास २०११ साली छापून आलाय.

असं का होतं? बिबट्या म्हणजे ठरलेल्या हद्दीत राहणारं जनावर. मोठा नर हद्द राखतो, तिथे लहान नरांना टिकू देत नाही. त्याला उचलला की जागा रिकामी होते आणि दोन-तीन जवान, नवखे नर तिच्यासाठी भांडत शिरतात. ह्यांना वस्ती ओळखीची नसते, कुठला कुत्रा कुठे बांधलेला असतो, माणसं कधी उठतात हे ठाऊक नसतं. गोंधळ तिथून सुरू होतो. इकडे उचललेला बिबट्या अनोळखी जंगलात, जिथे आधीच दुसऱ्याची हद्द आहे. तो मार खातो, कडेला येतो, कडेला माणसं असतात. त्यात पिंजरा, गर्दी, प्रवास यांनी बिथरलेला.

किंवा तो सोडलेल्या जागी न थांबता लांब चालू लागतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बाहेर काढला, गळ्यात रेडिओ कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा बाबा मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, कसाऱ्याची रेल्वे ओलांडून, सव्वाशे किलोमीटर चालत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत माणसाला नखही लावलं नाही. २०११ च्या शेवटी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेला.

तेव्हा @निसर्गवेडा, "निदान मोकळा तरी राहील" हे आपल्या मनाच्या समाधानासाठी ठीक आहे. हरिश्चंद्रगडावर तुम्ही सोडलेला बिबट्या कोतूळच्या एखाद्या शाळेमागे निघाला, तर त्या गावाला काय सांगणार?

टवाळ कार्टं

शेळ्यांचा विचार कुणीच करत नाही. पिंजऱ्यात शेळी, वस्तीवर शेळी, आणि मागे हिवाळी अधिवेशनात वनमंत्र्यांनी जंगलात एक कोटीच्या शेळ्या सोडायची कल्पना मांडली होती, म्हणजे तिथेही शेळीच. शेळ्यांचा नैसर्गिक अधिवास कुठला, यावर वेगळा धागा काढावा काय?

बोरिवलीकर

डॉक्टरांच्या प्रतिसादाला +१.

२००२ ते २००४ आमच्याकडे हाहाकार होता. आरे, मुलुंड, येऊर, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने हल्ले. तेव्हाही बाहेरून धरलेले बिबटे आणून उद्यानात सोडले जात होते, तेही एक कारण होतं असं अभ्यासक म्हणतात. पुढे आणून सोडणं थांबलं, २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून लोकांना समजवायला सुरुवात केली. कचरा उचला, कुत्री कमी होतील. पहाटे उघड्यावर बसू नका, मूल अंधारात एकटं सोडू नका. बिबटे आजही पन्नासच्या आसपास आहेत, शहर तेच, गर्दी उलट वाढली. हल्ले अधूनमधून होतात, २०२१ मध्ये आरेत झालेच होते, पण २००४ सारखी परिस्थिती पुन्हा आलेली नाही.

अवांतर: आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत तो भिंतीवरून चालत जातो. सेक्रेटरींनी त्याचा व्हिडिओ "अनधिकृत प्रवेश" म्हणून ग्रुपवर टाकला होता.

शिरूरची सून

@बोरिवलीकर, तुमच्याकडे भिंत आहे, दिवे आहेत, वॉचमन आहे. संडास घरात आहे. आमच्याकडे शेतीची वीज रात्री येते. रात्री दोनला माझा नवरा उसात पाण्याची दारं धरायला जातो, एका हातात फावडं, एका हातात बॅटरी. वाकलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो हे तुम्हीच लोक सांगता. मग आम्ही वाकायचं नाही का?

गुरांचा डॉक्टर

@शिरूरची सून, हे तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं बोललात. दिवसा वीज. मी हे दहा ठिकाणी बोललोय. जितक्या पिंजऱ्यांच्या मागण्या आल्या, तितका जोर दिवसाच्या विजेसाठी लागला असता तर आज चित्र वेगळं असतं.

नागपूरकर बाप्पा

आमच्या इकडचं सांगतो, वाघाचं.

यवतमाळची टी-१, जिला अवनी म्हणतात, २ नोव्हेंबर २०१८ ला मारली. तिचं मादी पिल्लू पुढच्या महिन्यात धरलं. पेंचमध्ये पाच हेक्टरच्या कुंपणात ठेवलं, माणूस दिसू न देता वाढवलं, शिकार करायला शिकवलं. दोन वर्षांवर खर्च, मेहनत, सगळं नीट. मार्च २०२१ मध्ये सोडली. चार दिवस होत नाहीत तर तिथल्या वाघिणीशी गाठ पडली, जबर जखमी झाली. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात आणली, तिथे मेली. पंधरवडा पण नाही टिकली बाप्पा.

उलटंही झालं आहे. मध्य प्रदेशात कान्हाच्या कुंपणात वाढलेली अनाथ वाघीण २०११ मध्ये पन्नाला सोडली, तिला पिल्लं झाली, संसार केला. फरक काय? पन्नात तेव्हा जागा होती. सगळे वाघ संपले होते, दोन वर्षं आधी बाहेरून आणायला सुरुवात केली होती. पेंच भरलेलं होतं. जनावर किती तयार आहे हे एक झालं, जागा रिकामी आहे का हे पहिलं.

आणि पिंजरा सुरक्षित असतो असं म्हणणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले. चंद्रपूरकडून माणसांशी संघर्षामुळे आणलेले वाघ होते ते. जंगलात सहसा न गाठणारा रोग कोंडवाड्यात गाठतो, खाणं आपण देतो त्यातूनच तो आला असा संशय होता.

मीनल_के

पिंजऱ्याच्या विरोधात सगळे बोलतायत म्हणून दुसरी बाजू. गिधाडं घ्या. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने, मेलेली गुरं खाऊन, नव्वदच्या दशकापासून गिधाडं जवळपास संपली, तीन जातींत तर नव्वद टक्क्यांहून जास्त. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर रानात उरलं काय होतं? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात पिंजऱ्यात जोड्या लावून पिल्लं वाढवली आणि २०२४ च्या जानेवारीत तिथली गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली, सोडण्यासाठी. पिंजरा नसता तर आणायला एकही नसतं.

शिवाय जनावर पिंजऱ्यात जास्त जगतं हेही खरं आहे. रानातला बिबट्या बारा-तेराला म्हातारा, पिंजऱ्यात वीस गाठतो. भूक नाही, जखम नाही, औषधपाणी वेळेवर.

ओतूरकर

@मीनल_के, गिधाडांचं शंभर टक्के मान्य. पण तिथे पिंजरा ही मधली पायरी होती, बाहेर सोडायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आमच्या बिबट्याला ती पायरी शेवटचीच.

जास्त जगतो त्याचं म्हणाल तर, प्रत्येक जनावराला ते लागू नाही. हत्तीचं उलटं निघालंय. २००८ च्या एका अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणी सरासरी सतरा वर्षं जगल्या आणि केनियाच्या अंबोसेलीत माणसाने मारल्या नाहीत त्या छप्पन. आणि मांसाहारी प्राण्यांवर २००३ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की रानात ज्याची हद्द जितकी मोठी, तो कोंडल्यावर तितक्या जास्त येरझाऱ्या घालतो आणि त्याची पिल्लंही जास्त दगावतात. सिंह-वाघ-अस्वलं बघायला गेलात तर एकदा दहा मिनिटं एकाच पिंजऱ्यासमोर थांबा. जाळीच्या कडेने तीच वाट, त्याच कोपऱ्यावर वळण, पायाखालची माती घासून गुळगुळीत. मुलं म्हणतात "बघा बाबा, फिरतोय".

टवाळ कार्टं

हत्ती निघाला म्हणजे आता नांदणी मठाची हत्तीण महादेवी येणार. पॉपकॉर्न आणतो.

कोल्हापूरची मिसळ

आली! आमच्या महादेवीला जुलै २०२५ मध्ये जामनगरला रिलायन्सच्या वनतारात नेली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरलो आम्ही. गावोगाव मोर्चे निघाले, लोकांनी रिलायन्सची जिओ सिमकार्डं बदलली. तीस-पस्तीस वर्षं मठात राहिलेल्या हत्तिणीला तुम्ही आता कुठलं "नैसर्गिक" देणार? तिला जंगल माहीतच नाही, तिला माणसं माहीत.

नागपूरकर बाप्पा

@कोल्हापूरची मिसळ, तुमचा जीव होता हे खरं. पण साखळदंड, डांबरी रस्त्यावरच्या मिरवणुका, पायाचे हाल, हे न्यायालयाने कागदपत्रं पाहूनच म्हटलं. माणसं माहीत असणं वेगळं आणि एकटं राहणं वेगळं. हत्ती कळपात राहणारं जनावर आहे.

ओतूरकर

महादेवीवर वेगळा धागा आहे, तिथे चारशे प्रतिसाद झालेत, कृपया तिकडे. इथे बिबट्याच राहू द्या.

निसर्गवेडा

डॉक्टरांचा आणि बाप्पांचा प्रतिसाद वाचून एक विचारतो. सोडायचं नाही, कोंडायचं नाही, मारायचं नाही, तर करायचं काय? नसबंदीला केंद्राने जुन्नरला प्रायोगिक परवानगी दिली आहे असं वाचलं. तो मार्ग नाही का?

गुरांचा डॉक्टर

नसबंदी करून बघायला हरकत नाही, पण त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतील आणि नसबंदी केलेली मादी उद्याही शेळी खाणारच आहे. तिची हद्द तीच राहील, हा फायदा. खर्च आणि प्रत्येक मादी धरण्याचा खटाटोप, हा तोटा.

"काहीच नको" असं मी म्हटलेलं नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये माणसाच्या जिवाला धोका असलेल्या प्राण्याला मारायची तरतूद आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी कारण द्यायचं आणि धरणं किंवा हलवणं शक्य नाही हे आधी पटवायचं, एवढंच. केंद्राच्या २०११ च्या बिबट्याविषयीच्या सूचनाही सांगतात की नुसता दिसला म्हणून धरू नका. अडचण आहे ती नेमका कोणता हे ओळखण्यात. पायाचे ठसे, कॅमेऱ्यातले ठिपके, जखमेवरच्या लाळेची तपासणी, हे सगळं पहिल्या चोवीस तासांत व्हायला हवं. तिथे हजार माणसांचा जमाव उभा असेल तर ठसा तरी कुठला राहतो?

पिल्लांचं मात्र आपल्याकडे फार चांगलं काम झालंय, ते लिहितो, कुणी लिहीत नाही म्हणून. ऊसतोडीत मजुरांना पाचटात पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून नेली जायची आणि जन्मभर पिंजऱ्यात जायची. वर आई पिसाळून वस्तीभोवती फिरायची, ते निराळंच. आता तोड थांबवतात, पिल्लं तपासतात, आणि अंधार पडायच्या आधी त्याच सरीत, त्याच जागी, टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवतात. समोर कॅमेरा. माणसं लांब. मादी बहुतेक वेळा पहिल्याच रात्री येते. आधी कॅरेटभोवती एक चक्कर मारते, वास घेते, पंजाने कॅरेट आडवं करते आणि एकेकाला मानेला धरून नेते. दोन असतील तर दुसऱ्यासाठी परत येते. मजूर सकाळी रिकामं कॅरेट बघून तोड सुरू करतात. मी पाहिलेल्या एका फडात मुकादमानेच सांगितलं, त्या बाजूचे चार गुंठे दोन दिवस राहू द्या.

शिरूरची सून

हे मला माहीत नव्हतं. आमच्या फडात दोन वर्षांपूर्वी पिल्लं निघाली तेव्हा पोरांनी उचलून घरी आणली होती, फोटो काढायला. मादी तीन रात्री घराभोवती होती. नशीब म्हणायचं.

तरी माझं मत बदलत नाही हां. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याला पंचवीस लाख मिळतात आणि विषय संपतो. मला पैसे नकोत. आधी दिवसा वीज द्या, वस्तीवर दिवे द्या, मुलांना गाडी द्या. ते होईपर्यंत माझ्या दारात पिंजरा राहणार.

ओतूरकर

राहू द्या ताई. पण पिंजरा लागला म्हणून वीज मागायची सोडू नका, आमच्याकडे नेमकं तेच होतं. पिंजरा आला की लोक शांत होतात, बिबट्या अडकला की फटाके, आणि पुढच्या हंगामापर्यंत विजेचं कुणी नाव काढत नाही.

आमच्या ग्रामसभेत पुढच्या आठवड्यात ठराव मांडतोय: शेतीला दिवसा आठ तास वीज, वस्त्यांवर सौर दिवे, गोठ्याला जाळी लावायला अनुदान, चिकनच्या दुकानांचा कचरा ओढ्यात टाकणाऱ्याला दंड. त्या कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर तो. तोडीच्या आधी फडात फटाके न वाजवता एका बाजूने आवाज करत जायचं, हेही घालतोय, म्हणजे मादीला पिल्लं हलवायला वाट राहते.

बोरिवलीकर

गोठ्याच्या जाळीचं माप ठरावातच लिहा. अर्धवट जाळी लावून वरून उघडा ठेवलेला गोठा मी जुन्नरकडे पाहिलाय, तो वरून आत उतरतो आणि मग त्यालाच बाहेर पडता येत नाही, आत आहेत नाहीत तेवढ्या सगळ्या शेळ्या मारतो.

गुरांचा डॉक्टर

बरोबर. छतासकट जाळी, दाराला आतून नव्हे बाहेरून कडी, आणि शेळ्या दारापासून लांब बांधायच्या.

शिरूरची सून

@ओतूरकर, ठरावाचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या सरपंचबाई वहिनींच्या नात्यातल्या आहेत, त्यांच्याकडून मांडून घेते. शाळेच्या गाडीचा मुद्दा त्यात मी वाढवणार आहे.

ओतूरकर

केला व्यनि. तालुक्याचं नाव बदलून घ्या.